बांधिलकीचे दोन क्रेडिट



आमच्या वस्तीत परवा पुन्हा विद्यापीठ येऊन गेलं.

पांढरी बस नाल्याच्या अलीकडं थांबली, कारण पलीकडं रस्ताच नाही. गळ्यात ओळखपत्रं, डोक्यावर छापील टोप्या, हातात फॉर्म. पुढं प्राध्यापक, मागं पोरंपोरी, त्यांच्या मागं आमची शेंबडी फौज. एकजण फोनवर फोटो घेत होता आणि फोटोखाली अक्षांश-रेखांश उमटत होते. मूल्यांकनाला येणाऱ्या समितीला पुरावा लागतो म्हणे, की ही माणसं खरोखरच नाल्याकाठी उभी होती. आम्ही ह्याच नाल्याकाठी माझ्या बापाच्या लग्नाआधीपासून उभे आहोत. आमचा पुरावा कुणाकडं आहे ते पुढं सांगतो.

आई भांडी घासत होती. एक पोरगी, चांगली होती बिचारी, तिच्यापुढं उकिडवी बसली आणि म्हणाली, "मावशी, तुमच्या घरात संडास आहे का?"

आई म्हणली, "मागल्या साली बी न्हवता. त्याच्या मागल्या साली बी न्हवता. तुमच्याकडं लिव्हलेलं आसंल की, बाई."

पोरीनं सरांकडं बघितलं. सर म्हणाले, "पुढचा प्रश्न घे."

ह्या 'पुढचा प्रश्न घे'वर मला लिहायचंय.

लिहिणारा मी कोण? मॅट्रिक. आता दहावी म्हणतात, पण आमच्या घरात मॅट्रिकच म्हणतात, कारण घरात आलेला तो पहिला कागद. मुंबईला गोदीत ठेक्यावर ओझी उचलतो. नाशिकला समुद्र नाही हे मलाही ठाऊक आहे. नाशिकचा कांदा समुद्राला जातो तसाच मी जातो, तो कंटेनरात आणि मी पंचवटी एक्सप्रेसच्या दारात. पाळ्या भरल्या की घरी येतो. कविता लिहितो, पान रिकामं राहिलं तर संपादक छापतात. तेव्हा विद्यापीठाबद्दल बोलायचा ह्याला अधिकार काय, असं विचारणारे विचारतीलच. अधिकार एवढाच, की मी त्यांच्या अभ्यासक्रमात आहे. त्यांच्या कागदावर ज्याला 'समुदाय' म्हणतात ना, तो मी.

दिल्लीच्या विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२२ साली उच्च शिक्षणसंस्थांच्या सामाजिक जबाबदारीची मार्गदर्शक तत्त्वं काढली. महाराष्ट्रात २०२३च्या शासननिर्णयानं नव्या धोरणाची चौकट बसवली, तिच्यात पदवीच्या पोरांना समाजाशी सहभाग ठेवण्याचे २ क्रेडिट आहेत. पोरं त्याला सीईपी म्हणतात. आता पोरांना वस्तीत नेणार कोण? प्राध्यापक. प्राध्यापकाला वस्ती माहीत आहे का? नाही. म्हणून प्राध्यापकांचं नेतृत्व घडवायचं. आधी प्रशिक्षकांना प्रशिक्षण, मग त्यांनी प्राध्यापकांना, प्राध्यापकांनी पोरांना, पोरांनी आम्हाला. क्रेन बंद पडली की आम्हीही माल असाच हातोहात उतरवतो. फरक एवढाच की आमच्या शेवटच्या हातात गोणी येते तेव्हा तिच्यात माल असतो.

आणि ह्या सगळ्याला मराठीत नाव काय दिलंय, तर सामाजिक बांधिलकी. च्यायला, हा शब्द आपला होता. सत्तरच्या दशकात लेखकाला बांधिलकी असावी की नसावी ह्यावरून ह्या भाषेत केवढं रण पेटलं होतं. तेव्हा जे म्हणत होते की बांधिलकीनं साहित्य नासतं, त्यांचेच वारसदार आज बांधिलकीला दहापैकी आठ गुण देतात.

हे काही आज सुरू झालेलं नाही. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली निघाली, गांधीशताब्दीच्या वर्षी, ३७ विद्यापीठांत. सात दिवसांचं शिबिर, श्रमदान, रात्री गाणी, आठव्या दिवशी बस. मग २०१४ साली उन्नत भारत अभियान आलं, त्यात कॉलेजांनी गावं निवडायची, आणि सगळे म्हणायला लागले 'दत्तक गाव'. दत्तक! आमचे आईबाप मेले काय? आणि दत्तक घेतलेल्या पोराला निदान घरात घेतात, ताटाला ताट लावतात, सातबाऱ्यावर नाव चढवतात. तुमच्या दत्तक गावाचं नाव तुमच्या कुठल्या सातबाऱ्यावर आहे? अहवालावर आहे. अहवालाची मालमत्ता करून देता का?

आता पुराव्याची गोष्ट.

मी तिसरीत होतो, साल २००८. एका कॉलेजचं सेवा योजनेचं पथक आमच्याकडं आलं. कुठलं कॉलेज ते लिहीत नाही. एकाचं नाव लिहिलं की बाकीची अंग झटकून मोकळी होतात. पथकानं चार दिवस घरोघर जाऊन पाहणी केली. कुटुंबप्रमुख, माणसं किती, रेशनकार्डाचा नंबर, इथं कधीपासून राहता. माझ्या बापानं अंगठा दिला आणि वर चहा पाजला. आमच्या झोपडीच्या दारावर खडूनं १७ लिहिलेलं मला आठवतं. पावसात पुसलं गेलं तेव्हा मी रडलो होतो. आपल्याला पहिल्यांदाच कुणीतरी नंबर दिला होता.

पुढं बाप गेला. नाल्याच्या रुंदीकरणाचा घोळ निघाला आणि वस्तीला नोटीस आली. आता कायदा तुम्हाला माहीतच असेल. ह्या राज्यात झोपडीचा जीव तारखेवर असतो. १ जानेवारी २०००च्या आधीची असेल तर संरक्षण, २०११च्या आधीची असेल तर पैसे भरून घर, त्यानंतरची असेल तर बुलडोझर. जुना कागद आणा, म्हणाले कचेरीतले साहेब. आमच्यातल्या निम्म्यांचे कागद २००८च्याच पुरात गेलेले. गोदामाई त्या वर्षी सगळ्यांच्या उंबऱ्यात आली होती. मग कुणालातरी आठवलं, कॉलेजानं लिहून नेलं होतं की! त्यांच्याकडं असेल.

आम्ही पाचजण गेलो. मी पाळी बुडवून गेलो. शिपायानं बाहेर बसवलं. दीड तासानं सर भेटले, सज्जन माणूस, खुर्च्या दिल्या. म्हणाले, "ते अहवाल विद्यापीठाकडं सादर झाले. मूळ फॉर्म आम्ही ठेवत नाही, जागा नाही. आणि ती माहिती गोपनीय असते."

गोपनीय! कुणापासून गोपनीय? माझ्या बापाचा अंगठा माझ्यापासून?

गोदीत टॅलीवाला असतो. किती नग उतरले, फोडले किती, भिजले किती, सगळं वहीत लिहितो. त्याची वही हरवली तर त्याची नोकरी जाते, कारण त्या गोण्यांना मालक असतो आणि मालक हिशोब मागतो. आमची टॅली हरवली तर कुणाचीच नोकरी जात नाही. आमची उलट झाली, टॅली शोधणाऱ्याची नोकरी गेली. ती अशी.

त्या २००८च्या पथकात आमच्याच शेजारच्या आळीतला एक पोरगा होता, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. आम्ही त्याला दादा म्हणतो. पुढं तो एम.ए. झाला, सेट झाला आणि एका कॉलेजात तासिका तत्त्वावर लागला. तासिका म्हणजे काय ते ह्या मासिकाच्या वाचकाला वेगळं सांगायला नको, तुमच्यातले निम्मे तेच करतात. शिकवला तेवढा तास, तेवढे पैसे, तेही सहा महिन्यांनी. मे महिन्यात काही नाही. जूनमध्ये पुन्हा मुलाखत. गोदीत आम्हाला ठेक्यावरचे म्हणतात, तुम्हाला सर म्हणतात. मुकादम मात्र दोघांनाही आहे.

तर दादाकडं त्याची सेवा योजनेची कार्यदैनंदिनी होती. प्रत्येक स्वयंसेवकाला ती लिहावी लागायची. त्याच्या पथकानं केलेली ६३ घरं तिच्यात त्याच्या अक्षरात, रेशनकार्डाच्या नंबरांसकट, खाली कार्यक्रम अधिकाऱ्याची सही आणि तारीख. आईनं ती ट्रंकेत लग्नाच्या पत्रिकांबरोबर ठेवली होती. दादानं झेरॉक्स काढली आणि आमच्याबरोबर कचेरीत आला. साहेबांनी डायरी उलटसुलट केली. "ग्राह्य धरायचं की नाही ते पुढं बघू, पण जोडून द्या." एवढं झालं. पण जोडून घेतलं! ६३पैकी ४१ नावं जुळली. आमचं प्रकरण त्या दिवसापासून 'विचाराधीन' आहे आणि नोटीस टांगलेली आहे. आम्ही अजून राहतो त्याच ठिकाणी.

दादा तिथं थांबला नाही, ही त्याची चूक. त्यानं कॉलेजाला लेखी पत्र दिलं, की आजवर केलेल्या सगळ्या पाहण्यांचे मूळ कागद शोधावेत आणि ज्या वस्तीचे त्या वस्तीला प्रत द्यावी. पुढल्या जूनला त्याचे तास गेले. कागदावर काही नाही. 'वर्कलोड नाही', बस्स. त्याच वर्षी त्याच कॉलेजातल्या दोघांना समाजसहभागाच्या नेतृत्वाचं प्रशिक्षण घ्यायला पाठवलं. पाच दिवस, जाण्यायेण्याचं भाडं, शेवटी प्रमाणपत्र. माझं त्या दोघांशी भांडण नाही. पण ज्याच्याकडं ते नेतृत्व आपोआप उगवलं होतं तो आता सातपूरला एका क्लासमध्ये आठवीच्या पोरांना इतिहास शिकवतो.

मग म्हणतात, प्राध्यापकांचं नेतृत्व कसं घडवावं?

नाशिककरांनी हे विचारावं ही तर कमालच. २ मार्च १९३०ला ह्या गावात काळारामाच्या दारावर सत्याग्रह सुरू झाला. हजारोंची मिरवणूक. सव्वाशे पुरुष आणि पंचवीस बायांची पहिली तुकडी चार दरवाजांवर बसली. त्या लढ्याचे सचिव भाऊराव गायकवाड, दिंडोरी तालुक्यातल्या आंब्याचे. पुढं सगळ्यांचे दादासाहेब. त्यांच्यात आणि बाबासाहेबांच्यात पत्रं चालायची, ती छापलेली आहेत, वाचा. १९३४च्या मार्चमध्ये दादासाहेबांनी विचारलं, येत्या रामनवमीला सत्याग्रह पुन्हा करावा का? बाबासाहेबांनी करू नये असं कळवलं आणि का करू नये ते सविस्तर, बरोबरीच्या माणसाला सांगावं तसं सांगितलं. लंडन-न्यूयॉर्कच्या पदव्या एका बाजूला, आंब्याचा कार्यकर्ता दुसऱ्या बाजूला. प्रश्न कार्यकर्त्याचा होता, उत्तर विद्वानाला द्यावं लागत होतं. आमच्याकडं प्रश्न विद्वानांचे, उत्तरं आमची आणि कागद पुन्हा विद्वानांच्याच कपाटात. सगळा फरक इथं आहे. ह्याच्यावर पाच दिवसांचा वर्ग घ्यायची गरज नाही.

बाबासाहेब प्राध्यापक होते हे आपण जयंतीच्या पोस्टरवर विसरतो. १९१८ साली ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. सरकारी नोकरी, पोटाला भाकरी. ती नोकरी चालू असतानाच १९१९च्या जानेवारीत साउथबरो समितीपुढं अस्पृश्यांसाठी साक्ष दिली, ३१ जानेवारी १९२०ला 'मूकनायक' काढला आणि त्याच मार्चमध्ये नोकरी सोडली. पुढं १९३५च्या जूनमध्ये ते मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले. आणि १३ ऑक्टोबर १९३५ला आपल्याच जिल्ह्यात, येवल्यात उभं राहून म्हणाले की हिंदू म्हणून जन्मलो, पण हिंदू म्हणून मरणार नाही. जरा हिशोब करा. प्राचार्य होऊन साडेचार महिने झालेत. सरकारी खुर्ची आहे. आजच्या एखाद्या प्राचार्याला साडेचार महिन्यांत साध्या मोर्चाच्या पत्रकावर सही करायला सांगून बघा. म्हणेल, व्यवस्थापनाला विचारून सांगतो.

त्याच्याही मागं जा. १८८२ साली हंटर आयोगापुढं जोतिरावांनी निवेदन दिलं. त्यात सरकारला रोखठोक विचारलं, की शेतकऱ्याच्या कष्टाच्या पैशातून तुम्ही वरच्या वर्गाला उच्च शिक्षण दिलंत, त्या शिकलेल्यांनी खालच्या माणसासाठी केलं काय? आणि खेड्यातल्या शाळांना शिक्षक कसा हवा तेही सांगितलं. शेतकरी वर्गातला, नांगर धरायला किंवा सुताराचं हत्यार उचलायला न लाजणारा, खालच्या लोकांत मिसळणारा. हे प्राथमिक शाळेच्या मास्तराबद्दल होतं, मला कळतं. पण प्राध्यापकाला ही अट लावली तर काय बिघडतं? २०१४पासून पुण्याच्या विद्यापीठाला सावित्रीबाईंचं नाव आहे. नाशिक जिल्ह्यातली कॉलेजं त्याच विद्यापीठाखाली येतात. पाटीवर सावित्रीबाई आणि आत 'पुढचा प्रश्न घे'.

आपल्यांनाही सोडणार नाही. १९५६ साली आग्र्याला बाबासाहेब बोलले होते, शिकलेल्यांनी मला दगा दिला. तेव्हा शिकलेले म्हणजे कारकून. आज आपले प्राध्यापक आहेत, विभागप्रमुख आहेत, कुलगुरूही होऊन गेले. वस्तीतून निघाले, गंगापूर रोडला फ्लॅट घेतला, चांगलं केलं, घ्यावाच. पण वस्तीत येतात कधी? १४ एप्रिलला. शाल, नारळ, पाकीट. भाषणात 'तुम्ही लोकांनी शिकलं पाहिजे' म्हणतात. सर, तुम्ही लोक? तुमची आजी माझ्या आजीबरोबर लाकडाच्या मोळ्या विकायची. विहितगावचे बाबुराव बागूल मॅट्रिकनंतर मिळेल ते काम करत लिहीत राहिले. त्यांच्यावर पीएचडी करून किती जण कायम झाले ते मोजा, आणि त्यांच्यातले किती जण कधी विहितगावात उतरले तेही मोजा. नारायण सुर्व्यांनी १९६६ साली संग्रहाला नावच 'माझे विद्यापीठ' दिलं. आता ती कविता खऱ्या विद्यापीठात १० गुणांना विचारतात.

सगळेच तसे नाहीत. औरंगाबादला १९५० साली बाबासाहेबांनी कॉलेज काढलं, पुढं त्याचं नाव मिलिंद. तिथल्या मास्तरांनी मराठवाड्यातल्या खेड्यांतून आलेल्या पोरांना नुसतं पास केलं नाही, लिहितं केलं. गंगाधर पानतावणे तिथं शिकवत होते. १९६८पासून 'अस्मितादर्श' चालवलं, ते मरेपर्यंत, म्हणजे २०१८पर्यंत. पन्नास वर्षं! ह्याला क्रेडिट किती? आणि २०१६च्या जानेवारीत रोहित वेमुला गेला तेव्हा हैदराबाद विद्यापीठातल्या अनुसूचित जाती-जमातीच्या प्राध्यापकांनी प्रशासकीय पदं खाली ठेवली. पद खाली ठेवता येतं हे त्यांनी दाखवलं. आपल्याकडं पद मिळालं की माणूसच खाली वाकतो.

पोरांना वाटतं हे आपल्याच नशिबी. नाही. १९६८ साली अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजात जॉर्ज मरे नावाचा काळा मास्तर होता. इंग्रजी शिकवायचा, तोही अर्धवेळ, म्हणजे आपल्या तासिकेवाल्यासारखाच. शिवाय ब्लॅक पँथर पक्षाचा शिक्षणमंत्री. त्याला निलंबित केलं. ६ नोव्हेंबरला पोरांनी संप केला. काळे, मेक्सिकन वंशाचे, चिनी-जपानी-फिलिपिनो वंशाचे आणि गोरेही. पोलीस, लाठ्या, शेकड्यांनी अटका. संप मार्च १९६९पर्यंत चालला. मरेला नोकरी परत मिळाली नाही, पण कॉलेजाला वांशिक अभ्यासाची वेगळी शाखा काढावी लागली. ज्या पँथरांचं नाव १९७२ साली आपल्या पोरांनी घेतलं, त्यांची ही एक गोष्ट आपल्याकडं फारशी सांगितली जात नाही. आमच्या दादाचे तास गेले तेव्हा त्याच्या वर्गातल्या किती पोरांनी तास बुडवला? एकानंही नाही. त्यातली आठदहा आपलीच होती.

म्हणून मी विद्यापीठाला शिव्या देऊन थांबणार नाही, तुम्हालाही विचारणार. तुम्ही कॉलेजात आहात. उद्या तुम्हालाच टोपी घालून दुसऱ्या कुठल्यातरी नाल्यावर पाठवतील. तेव्हा काय करणार? फॉर्म भरून घेण्याआधी सरांना विचारा, ह्याची प्रत वस्तीला देणार का? मागच्या वर्षीचे कागद कुठं आहेत? दोन गुण कमी पडतील. पडू द्या. आणि जे कायम झालेत, ज्यांना कुणी जूनमध्ये काढू शकत नाही, त्यांनी नेतृत्वाचा वर्ग नंतर करावा, आधी रिकाम्या जागा भरण्यासाठी रस्त्यावर यावं. ज्याच्या पोटाची खात्री नाही तो नेतृत्व कसलं करणार, तो स्टाफरूममध्ये खुर्चीच्या टोकावर बसतो. प्राध्यापकाच्या पदोन्नतीच्या फायलीत प्राचार्याची सही लागते, तज्ज्ञांची लागते. वस्तीची का लागू नये? वस्तीच्या बायांनी एकत्र बसून लिहावं, हा माणूस तीन वर्षं येत होता, ह्यानं आमच्यासाठी अमुक केलं किंवा नाही केलं. आईला सही येत नाही, ती अंगठा देईल. तिचा अंगठा यांनी आधीही घेतलाच आहे.

आमच्या वस्तीपुरतं आम्ही ठरवलंय. बुद्धविहारात दोनशे पानी वही आणून ठेवली आहे. जो कुणी पाहणीला येईल त्यानं आधी वहीत नाव, कॉलेज, कशासाठी आला आणि प्रत कधी देणार ते लिहायचं. मग चहा. मग फॉर्म. परवाच्या पथकातल्या सरांना वही पुढं केली तेव्हा ते म्हणाले की असा नियम नाही, आणि बसकडं गेले. ती उकिडवी बसलेली पोरगी मात्र परत आली. तिनं तिचं नाव लिहिलं, आईच्या फॉर्मचा फोटो काढून माझ्या फोनवर पाठवला, आणि प्रत देण्याच्या रकान्यात 'आज' असं लिहून पळत बस गाठली. वहीत ती पहिली नोंद आहे. किल्ली आमच्या शेजारच्या मावशीकडं असते, संध्याकाळी सहानंतर या.